शालन वाट बघत राहिली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शाळेच्या मैदानावरचा खो-खोचा खांब घासणं. आदल्या दिवशी एका पोरीच्या तळहातात लाकडाचं कुसळ गेलं होतं, म्हणून माझ्या बायकोनं, शालननं मला दुकानातून काचकागद आणायला लावला. संध्याकाळचे पाच वाजले असतील. मी घासत होतो आणि ती हात फिरवून कुठं खरखर राहिली ते दाखवत होती. इथं, अजून इथं, जरा खालच्या अंगाला. पोरी खांबाला वळसा मारतात तेव्हा वाकतात, हात तिथंच पडतो, असं म्हणाली. मी म्हणालो, "आज खांब घासायला लावलास, उद्या मैदान पुसायला लावशील." ती हसली नाही. खांबावरची भुकटी पदरानं पुसली आणि म्हणाली, "सानियाला सांगितलं का?" मी म्हणालो, "सांगतो." ती म्हणाली, "बरं." एवढंच. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही... घरी आलो, भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली, झोपलो. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला शाळेच्या स्वयंपाकघरात तांदूळ धुता धुता ती खाली बसली, ती उठलीच नाही. मी पोचलो तेव्हा बायांची गर्दी झाली होती, आधणाचं पाणी खळखळत होतं आणि गॅस बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी आधी गॅस बंद केला. मग तिच्याकडं बघितलं. असं का केलं मला सांगता येत नाही, पण तसं झालं.

या गोष्टीला सात आठवडे झाले. मी खुटबावचा. रेल्वेत गँगमन म्हणून सगळी नोकरी काढली, शाळा चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही. शाळेच्या हेडबाई म्हणाल्या, आबा, शालनमावशींनी पोरी कशा तयार केल्या ते पेपरच्या पुरवणीत लिहा, लोकांना कळू द्या. बाईंना वाटलं असेल मी गुण गाईन. ते गाईनच. पण त्याच्या आधी एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. माझ्या हातून झालेली एक चूक एका पोरीनं शालनच्या नावावर धरली, आणि शालन ती तशीच डोक्यावर घेऊन गेली. ती उतरवल्याशिवाय मला एका जागी बसवत नाही. घरात बसलो की उठतो. उठलो की रुळाच्या कडेकडेनं केडगावकडं चालत सुटतो, अर्ध्यातून माघारी येतो. पोरगा फोनवर म्हणतो, आबा, घरात थांबा, लोक भेटायला येतात. मी म्हणतो, येऊ देत, बसू देत, मी येतोच.

शालन काही मास्तरीण नव्हती. शाळेत दुपारची खिचडी शिजवायची. खेळाचे गुरुजी बदलून गेले आणि त्यांच्या जागी बरेच दिवस कुणी आलं नाही, तेव्हा पोरी मैदानात नुसत्या भांडत बसायच्या. एक दिवस दोघी-तिघी स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या, म्हणाल्या, आजी, तुम्ही शिट्टी वाजवा, आमचं भांडण मिटतच न्हाई. शालन म्हणाली, "मला शिट्टी वाजवाय येत न्हाई. तुमच्यातली एक रोज वाजवंल. जिची पाळी तिचा शब्द शेवटचा." झालं, तिथनं ते सुरू झालं. त्यात तिनं विशेष काय केलं असं मला तेव्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, काही नाही. भांडी घासून झाली की पायरीवर येऊन बसायची. पोरी चुना टाकायच्या, रेघ वाकडी गेली तर ती तशीच राहू द्यायची. मी म्हणायचो, अगं, रेघ वाकडी आहे, सरळ करून घे. ती म्हणायची, "त्यांना दिसतीया की. खेळताना पाय अडकला की करतील सरळ." आणि करायच्या, हे खरं. चार दिवसांनी दोरी लावून चुना टाकायला लागल्या. दोरी कुणी सांगितली होती? कुणी नाही.

मला हे पटायचं नाही. माझं सगळं आयुष्य मुकादमाच्या हाकेवर गेलं. वीस माणसं सब्बल घेऊन रुळापाशी उभी राहतात, मुकादम हाक देतो, वीसच्या वीस एकदम जोर लावतात. एकानं जरी आपल्या मनानं जोर लावला तर कुणाचं तरी बोट जातं. तिथं कुणी विचारत नाही, बाबा, तुला आज रूळ उचलावासा वाटतो का. म्हणून मला वाटायचं, खेळही तसाच. ज्याला कळतं त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी करायचं. आमच्या संतोषला मी तसंच पळवलं. पोलीस भरतीत निघावा म्हणून दोन वर्षं रोज पहाटे मी सायकलवर आणि तो पुढं. दमला की मी सायकलची घंटी वाजवायचो. भरतीच्या दिवशी तो गेलाच नाही. मित्राकडं जाऊन झोपला. आता रांजणगावला कंपनीत आहे, चांगला कमावतो, पोट सुटलंय. मागं एकदा हसत हसत म्हणाला, "आबा, तुम्ही पळवलं ना, तवापासून मी एश्टीच्या मागंबी पळत न्हाई. गेली तर गेली." सगळे हसले. शालन नाही हसली. तिनं माझ्याकडं बघितलं फक्त.

तिचं स्वतःचं पळणं मला लग्नानंतर किती तरी वर्षांनी कळलं. तिचं माहेर शिरूर तालुक्यात, वढूच्या पलीकडं. शाळेत असताना ती पळण्यात पहिली यायची. मास्तरांनी तिचं नाव खो-खोत घातलं, तिला न विचारता. मग वडलांनी एक दिवस मैदानावर येऊन नाव काढलं, तेही न विचारता. दुसऱ्या दिवसापासून शेळ्यांमागं. मी म्हणालो, वाईट झालं तुझं, खेळायला नाही मिळालं. ती म्हणाली, "खेळायला न्हाई मिळालं त्याचं न्हाई एवढं. खेळाय लावलं तवाबी कुणी इचारलं न्हाई आन् बंद केलं तवाबी न्हाई. माझे पाय, आन् मलाच ठावं न्हाई उद्या पळणार हाय का न्हाई."  मी चहा मागितला.

कुणाला वाटेल ती पोरींचे लाड करायची. तसं नव्हतं. एखादीनं दुसरीला ढकललं, की ती त्या दिवसापुरती बाहेर. उशिरा आली, की चुना टाकायचं काम तिचं. ते सगळं पोरींनीच ठरवलेलं, पण पाळायला लावायची शालन, आणि तिथं कुणाची आई आली तरी ऐकायची नाही. पण पळायचं की नाही, कशासाठी पळायचं, हे ती कधी सांगायची नाही. एखादी पोर यायची, आजी, आज मला पळायचं न्हाई. बरं, मग तांदूळ निवड. पोर बसायची ताट घेऊन. बाहेर आरडाओरडा चालू, आणि हिच्या हातात खडे. दहा मिनिटांत ताट ठेवून पोर मैदानात. एकदा मात्र तिघी एकदम बसल्या आणि मन लावून सगळे तांदूळ निवडून टाकले, पळायला उठल्याच नाहीत. मी म्हणालो, "घ्या, आता खिचडी चांगली होईल, संघ गेला खड्ड्यात." शालन म्हणाली, "दमल्या असतील." दुसऱ्या दिवशी कळलं, तिघींची परीक्षा होती, पहाटेपासून अभ्यासाला उठलेल्या. मी म्हणायचो, असल्या लाडानं संघ होत नाही. ती म्हणायची, "लाड कुठं? मी त्यांच्यासाठी पळाले तर तो लाड."

आता त्या तीन ताटल्यांचं सांगतो, कारण सगळं तिथंच झालं. खो-खोत पळणाऱ्या बाजूच्या नऊजणी असतात आणि त्या तीन-तीन करून मैदानात उतरतात. पहिल्या तिघी बाद झाल्या की दुसऱ्या, त्या झाल्या की तिसऱ्या. कोण कुठल्या तुकडीत हे सगळीकडं मास्तर ठरवतात. शालननं तसं केलं नाही. खिचडीच्या तीन ताटल्या ओळीनं मांडायची, पहिली, दुसरी, तिसरी. पोरींनी एकेकटीनं जायचं आणि आपल्या अंगावरची काहीतरी वस्तू, कुणाचं रबर, कुणाची पिन, कुणाची बांगडी, ज्या तुकडीत उतरायचं त्या ताटलीत ठेवून यायचं. तिथं दुसरं कुणी थांबायचं नाही. सगळ्यांचं झालं की ताटल्या पोरींपुढं आणायच्या. प्रत्येकीत तीन निघाल्या तर ठीक. एकीत चार-पाच निघाल्या तर शालन म्हणायची, "बसा, बोला," आणि आपण उठून जायची. पोरी भांडायच्या, रुसायच्या, पण ठरवायच्या. आणि एकदा ठरलं की मग मैदानात कुणी कुणाला दोष द्यायची नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय. ज्या पोरीनं आपल्या हातानं आपली पिन तिसऱ्या ताटलीत ठेवली, ती तिसरीत मरेस्तोवर पळायची.

सानिया त्या नऊजणींतली. तिचा बाप रफिक फरशी बसवायचं काम करतो. त्यांचं घर आमच्या गावात आमच्या आज्या-पणज्यापासून आहे. पोर काटकुळी, बोलायला कमी. शिरूरला एका मंडळाच्या स्पर्धा लागल्या तेव्हा ही आठ दिवस एकच सांगत होती, मी पहिल्या तुकडीत. इतकं बोलायची तिची सवय नाही, म्हणून बाकीच्या पोरी चिडवायच्या. मी त्या आठ दिवसांत घड्याळ लावून बघितलं होतं. सानिया पहिल्या दोन मिनिटांत वाऱ्यासारखी, मग दम लागतो. मी शालनला म्हणालो, हिला तिसरीत टाक, शेवटी थोडाच वेळ पळावं लागतं. ती म्हणाली, "तिला सांगा, दम पुरत न्हाई म्हणून. मग ती बघंल." मी काही सांगितलं नाही. पोरीशी काय चर्चा करायची, असं मला वाटलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं टेम्पोतून शिरूरला गेलो. पोरी गाणी म्हणत, मी पाण्याचा पिंप धरून. मैदानावर गेल्यावर शालननं टेम्पोच्या मागच्या फळीवर ताटल्या मांडल्या. पोरी एकेक करून येऊन गेल्या. शालननं वरून टॉवेल टाकला. तेवढ्यात टेबलावरच्या माणसानं जन्माचे दाखले घेऊन तिला बोलावलं. जाताना मला म्हणाली, "इथं थांबा, कुणी हात लावील." मी थांबलो. आणि मीच हात लावला. टॉवेल उचलून बघितलं. पहिल्या ताटलीत चार वस्तू, दुसरीत तीन, तिसरीत दोन. पहिलीत सानियाची निळी क्लिप. वेळ थोडा होता, पोरी पुन्हा भांडत बसल्या असत्या... असं मी मनाला सांगितलं. खरं ते नव्हतं. मला जिंकायचं होतं आणि मला जास्त कळतं असं वाटत होतं. मी ती क्लिप उचलली आणि तिसऱ्या ताटलीत ठेवली. तीन, तीन, तीन. रूळ सरळ झाल्यासारखं वाटलं.

ताटल्या उघडल्या तेव्हा सानियानं क्लिप बघितली. एकदा शालनकडं बघितलं.  क्लिप घेऊन केसांत लावली आणि तिसऱ्या तुकडीत जाऊन उभी राहिली. पळायची पाळी आधी आमची आली. मी दोरीपाशी उभा होतो तर शेजारी रफिक. पँट गुडघ्यापर्यंत सिमेंटनं पांढरी. त्याचं काम तेव्हा शिरूरलाच कुठंतरी चालू होतं, हे मला माहीत नव्हतं. म्हणाला, "आबा, सानिया दिसंना मैदानात." मी म्हणालो, "ती तिसऱ्या तुकडीत आहे." तो म्हणाला, "मला तर पहिलीत म्हणाली व्हती," आणि मोबाईल काढून वेळ बघितली. त्या दिवशी पहिल्या तिघी अशा पळाल्या की निम्म्याच्या वर वेळ त्यांनीच खाल्ला. उरलेला दुसऱ्या तिघींनी. त्या पाळीत सानिया दोरीच्या आत उतरलीच नाही. तोवर रफिक गेला होता. मी मात्र खुशीत होतो. सामना आपण जिंकला, ढाल मिळाली, पोरी नाचल्या. येताना टेम्पोत साक्षी, म्हणजे आमच्या संघाची कप्तान, सानियाला म्हणाली, "आठ दिस पहिली पहिली करत व्हतीस की. बोलायला पुढं आन् पळायला मागं?" पोरी हसल्या. सानिया बाहेर उसाकडं बघत बसली. आणि शालन माझ्याकडं.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाली, "क्लिप तुम्ही हलवली."

मी म्हणालो, "जिंकलो का नाही?"

"ते न्हाई इचारलं मी."

"हलवली. मग? दम पुरत नाही तिला."

"रफिक जाताना मला सांगून गेला, तासाभराचीच सुट्टी मिळाली व्हती. ठेकेदार त्याच्या वर सोडत नव्हता. बापानं तिला कधी खेळताना बघितलं न्हाई. त्या तासात दिसावं म्हणून तिनं पहिली मागितली व्हती."

"मला काय माहीत?"

"इचारलं असतं तर कळलं असतं."

 मग म्हणालो, तू सांग तिला, तुझं ऐकते. शालन म्हणाली, "केलं तुम्ही. मी सांगितलं तर ती चुगली हुईल, माफी न्हाई हुणार. तुम्हाला जवा वाटंल तवा सांगा. मी मागं लागणार न्हाई." आणि ती खरंच मागं लागली नाही. सानिया दुसऱ्या दिवसापासून मैदानावर यायची बंद झाली. शाळेत यायची, खिचडी घ्यायची, वर बघायची नाही. शालन तिच्या घरी गेली. तिनं मला येऊन सांगितलं ते असं. ती सानियाला म्हणाली, माझा तुझ्यावर भरवसा व्हता आन् हाय, खेळायचं का न्हाई ते तुझं तू ठरव. पोरीनं विचारलं, मग आजी, क्लिप कुणी हलवली? शालन म्हणाली, ज्यानं हलवली तो सांगंल. पोर काय समजायची ते समजली. ताटल्यांपाशी शालनशिवाय दुसरं कोण असतं?

त्यानंतर चार आठवडे गेले. चार आठवड्यांत शालननं मला तीनदा विचारलं, सांगितलं का. तिन्ही वेळा मी म्हणालो, सांगतो. रोज दूध आणायला मी त्यांच्या दारावरून जायचो. दार उघडं असायचं, पोर अंगणात भांडी घासत असायची, आणि मी पुढं निघून जायचो. पोरीची भीती वाटायची. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तेरा वर्षांच्या पोरीची. शालननं मला शिव्या दिल्या असत्या, जेवण बंद केलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगून मोकळा झालो असतो. मुकादमाची हाक मला कळते. तिनं हाकच दिली नाही... म्हणून मी इथं तिची एक चूकही लिहितो, ती गेली म्हणून लपवणार नाही. जी मोकळीक ती पोरींना द्यायची तीच तिनं मला दिली. पोरींना दिली ते बरोबर होतं. मला द्यायला नको होती. तिनं माझी वाट बघितली आणि त्याची झळ एका लेकराला बसली. मी हे तिला तोंडावर सांगितलं असतं. ती म्हणाली असती, बरं.

तेराव्याला संघातल्या पोरी शाळेच्या कपड्यांत आल्या. रांगेत उभ्या राहिल्या, फोटोला फुलं वाहिली. मी मोजल्या. आठ. मी साक्षीला विचारलं, सानिया? ती म्हणाली, "न्हाई आली आबा. तिचा आजीवर अजून राग हाय. आम्ही म्हणलो, आता तरी चल, तर न्हाईच म्हणाली." बाकीच्या पोरींच्या तोंडावर दिसत होतं, की त्यांना सानियाचाच राग आलाय. एका मेलेल्या बाईवर पोर राग धरून बसली, असं गावात बोललं जाणार होतं, आणि ज्याच्यावर राग धरायचा तो माणूस इथं टोपी घालून पाहुण्यांना पान देत होता. जेवणं चालू होती. संतोष म्हणाला, आबा, कुठं निघालात, पाहुणे बसलेत. मी म्हणालो, येतो.

रफिक घरी होता. म्हणाला, "या आबा, बसा." मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा चहा, पुन्हा शालनचं बोलणं, आणि माझ्याच्यानं निघालं नसतं. सानियाला बाहेर बोलव म्हणालो. ती आली, हाताला पीठ. मी उभ्या उभ्या सांगितलं, की शिरूरला तुझी क्लिप पहिल्या ताटलीतनं काढून तिसरीत मी ठेवली. आजीनं नाही. आजी दाखले द्यायला टेबलावर गेली होती.

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आजीला म्हाईत व्हतं?"

"त्याच दिवशी कळलं तिला."

"मग मला का न्हाई सांगितलं त्यांनी?"

"ती म्हणाली, ज्यानं केलं त्यानं सांगावं. मी सांगितलं नाही."

रफिक खाली बघत होता. मी त्याला म्हणालो, रफिक, तुझा तो तास मी वाया घालवला. तो म्हणाला, "जाऊ द्या आबा," पण वर बघितलं नाही. सानियानं हाताचं पीठ दुसऱ्या हातानं काढलं. बराच वेळ काढत होती. म्हणाली, "मी आजीला शेवटचं बघायलाबी आले न्हाई. शाळेतच व्हते. सगळ्या पळाल्या तिकडं. मी वर्गात बसून ऱ्हायले."  चार आठवड्यांत कुठल्याही सकाळी दुधाचं भांडं खाली ठेवून दोन शब्द बोललो असतो, तर पोर पळत गेली असती तिच्याकडं. हे काही आता परत करता येत नाही. मी म्हणालो, "ते माझ्यामुळं झालं." ती म्हणाली, "व्हय."

मग म्हणाली, "उद्या सकाळी मैदानावर या. सगळ्यींच्या म्होरं सांगा. त्या समद्या मला भित्री म्हणत्यात, आन् आता आजीची दुश्मन म्हणत्यात."

रफिक म्हणाला, "सानिया, मोठ्या माणसाला असं सांगत्यात व्हय?"

मी म्हणालो, "सांगू दे तिला. बरोबर सांगतीय." मी तिला खेळायला ये असं म्हणालो नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं. माझ्या तोंडून ते निघायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मैदानावर गेलो. पोरी आल्या होत्या. थंडी होती, हात चोळत उभ्या होत्या. सानिया फाटकातून आली ती चप्पल घालून आली. आमच्या पोरी खेळायच्या त्या अनवाणी, म्हणजे ती खेळायला आली नव्हती, ऐकायला आली होती. लांबच थांबली. मी पोरींना म्हणालो, गोळा व्हा. मला भाषण येत नाही. शिरूरला काय झालं ते टॉवेल उचलल्यापासून सगळं सांगितलं, सानियानं पहिलीच निवडली होती, ती भ्याली नव्हती, तिचा बाप तिला बघायला आला होता आणि न बघता गेला, हे सांगितलं. तुमच्या आजीनं क्लिपेला हात लावला नाही, हे दोनदा सांगितलं. आणि आजी मला रोज सांग म्हणत नव्हती, मी सांगीन म्हणून थांबली होती, हेही. मग थांबलो, कारण पुढचं येईना.

 सगळ्यांत बारकी पोर म्हणाली, "आबा, मग ती ढाल आपली हाय का न्हाई?"

मी म्हणालो, "मला नाही सांगता येत. तुम्ही ठरवा."

साक्षीनं सानियाकडं बघितलं. सानिया खाली. साक्षी माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही जरा लांब व्हता का? आमचं आमाला बोलायचंय." मी म्हणालो, होतो की. चालत चालत कंपाउंडच्या भिंतीपाशी गेलो. तिथनं नुसता आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आधी एकटी साक्षी बोलत होती, मग सगळ्या एकदम, मग गप्प, मग सानियाचा आवाज, तो मात्र ओळखला. भिंतीच्या पलीकडं रस्त्यानं दुधाची गाडी गेली. पाय एका जागी ठरत नव्हते, तरी मी तोंड भिंतीकडंच ठेवलं. तिनं चप्पल काढली का, ते बघायला मान सारखी वळत होती. वळवली नाही.